लिस्बन की पोर्तो: लॅपटॉपवर पोट असणाऱ्यांसाठी

परदेशी राहून काम करण्याचा विषय निघाला की गोव्यात पोर्तुगालचे नाव आपसूक पुढे येते, कारण कुणाचा मामा तिथे असतो, तर कुणाला 1961 पूर्वी जन्मलेल्या आजोबांमुळे तिथले नागरिकत्व मिळालेले असते. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून डी-8 व्हिसा (परदेशी कंपनी वा ग्राहकांसाठी तिथे बसून दूरस्थ काम करणाऱ्यांचा) आहे. मात्र त्यासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावे लागते, म्हणजे 2025 च्या 870 युरोंच्या हिशेबाने 3,480 युरो. दोन्ही शहरांचे घड्याळ लंडनबरोबर चालते. ब्रिटिश ग्राहकांसाठी काम करणाऱ्याला ते सोयीचे, पण पुण्याच्या कंपनीची सकाळी साडेनऊची मीटिंग हिवाळ्यात तिथे पहाटे चारला सुरू होते.

लिस्बनमध्ये मेट्रो थेट विमानतळावर पोहोचते, मार्तिम मोनिझ भागात डाळी-मसाले मिळतात आणि लुमियारला राधाकृष्णाचे मंदिरही आहे. भाडी मात्र कंबरडे मोडणारी आहेत. त्यातही आल्फामासारख्या जुन्या वस्तीत घर घेतले, तर दगडी फरसबंदीवरून जाणाऱ्या पर्यटकांच्या चाकांच्या बॅगांचा खडखडाट मीटिंगमधल्या सगळ्यांनाच ऐकू जातो.

पोर्तो आटोपशीर आहे, भाडी तुलनेने कमी आहेत आणि 1886 च्या दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून मेट्रोने नदीपलीकडच्या गाया शहरात काही मिनिटांत जाता येते. खरी परीक्षा हिवाळ्यात होते. पाऊस गोव्याच्या मानाने बराच कमी, पण आपला पाऊस उबदार असतो आणि तिथला थंड. शिवाय बहुतेक जुन्या घरांत गरम करण्याची धड सोय नसते. मी राहिलो त्या उत्तराभिमुख घरात कपाटामागची भिंत बुरशीने काळी पडली होती आणि हवेतील ओल शोषणाऱ्या यंत्राची टाकी रोज सकाळी रिकामी करावी लागे. घरमालकांचे म्हणणे एवढेच, की खिडक्या उघड्या ठेवा (बाहेर पाऊस कोसळत असताना!). भाड्याच्या जाहिरातीत घराची ऊर्जा-श्रेणी देणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. ती ई किंवा एफ, म्हणजे अगदी तळाची, असेल तर भाडे कितीही कमी असले तरी ते घर सोडून द्यावे, आणि खिडक्या दक्षिणेकडे आहेत ना, हे स्वतः पाहावे.

एवढी काळजी घेतली तर माझा कौल पोर्तोला आहे, कारण बसून एकाग्रतेने काम तिथेच होते आणि लिस्बनचे एखादे काम निघाले तर आल्फा पेंदुलार ही वेगवान रेल्वेगाडी साधारण तीन तासांत पोहोचवते. ज्याला सतत विमान पकडायचे आहे किंवा आपल्या माणसांवाचून करमत नाही, त्याने लिस्बनच पाहावे. पण शहराच्या मध्यभागाचा हट्ट सोडून मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेच्या टोकाला, ओदिवेलासला घर शोधावे. तिथे भाडे थोडे उतरते, लुमियार त्याच मार्गिकेवर येते आणि संपूर्ण महानगर क्षेत्राचा 40 युरोंचा मासिक पास तिथेही चालतो.