इव्हेंट व्ह्यूअरमधल्या लाल खुणा आणि माझे १४,९९९ रुपये

विजेचे बिल भरण्यासाठी संकेतस्थळ शोधत असताना लॅपटॉपचा पडदा अचानक निळा झाला, भोंगा वाजू लागला आणि ‘ट्रोजन आढळला आहे, संगणक बंद करू नका’ ही सूचना एका फोन क्रमांकासह झळकली. घाबरून मी तो क्रमांक लावला.

‘काका, काळजी करू नका,’ असे अदबीने म्हणत पलीकडच्या गृहस्थांनी माझ्याकडून एक ॲप उतरवून घेतले, त्यावर दिसणारा क्रमांक विचारला आणि माझा माउस त्यांच्या ताब्यात गेला. त्यांनी इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली व प्रत्येक ‘एरर’ म्हणजे एक व्हायरस असे सांगितले. वास्तविक ती विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही तरी तिथे एरर नोंदली जाते आणि निर्दोष संगणकातही अशा नोंदी ढिगाने सापडतात. मग काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ ही संगणकाच्या चालू नेटवर्क जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा देऊन ‘फॉरेन ॲड्रेस’ या रकान्यातले आकडे दाखवत ते म्हणाले, ‘हे परदेशी हॅकर.’ मीही तोच अर्थ लावला. तिथे फॉरेन म्हणजे केवळ जोडणीच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता, मग तो संगणक मुंबईत का असेना.

शेवटी ‘ट्री’ आज्ञेने फोल्डरांची नावे भराभर सरकली. ती नुसती यादी होती, त्यांनी तिला ‘स्कॅन’ म्हटले. तळाशी ‘व्हायरस फाउंड’ ही अक्षरे एकेक करून उमटली, मधले एक चुकले म्हणून खोडून पुन्हा लिहिले गेले. हे मी डोळ्यांनी पाहिले, तरीही ‘तीन वर्षांच्या संरक्षणा’साठी १४,९९९ रुपये यूपीआयने पाठवले.

संध्याकाळी भाचीने इंटरनेट तोडून ते ॲप काढून टाकले आणि विंडोज सिक्युरिटी या विंडोजमधल्याच सुरक्षा प्रोग्राममधून आधी फुल स्कॅन, नंतर विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणारा ऑफलाइन स्कॅन केला. काहीही सापडले नाही, कारण ती सूचना म्हणजे एक साधे वेबपान होते. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला असता तरी ते गेले असते. खरा स्कॅन सापडलेल्या फाइलचे नाव व जागा दाखवतो आणि तिला क्वारंटाइनमध्ये, म्हणजे चालू शकणार नाही अशा वेगळ्या कप्प्यात, ठेवतो. फोन करा असे तो कधीच सांगत नाही.

१९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेत मी दुसऱ्या दिवशी तक्रार केली. ती त्याच तासात करायला हवी होती, कारण तोवर रक्कम पुढच्या खात्यांत वळवली गेली होती.