कॉकपिटमधलं घड्याळ: यूएसबीवालं की साधं?

टॅबलेटवर नकाशे बघत उडणाऱ्याला चार्जिंग लागतंच. मग साधं घड्याळ ठेवून लायटरच्या सॉकेटात चार्जर खोचायचा, की घड्याळाच्याच सव्वादोन इंची भोकात यूएसबीवालं, म्हणजे चार्जिंगचे पोर्ट असलेलं घड्याळ बसवायचं?

सॉकेटातला स्वस्त चार्जर मला मुळीच आवडत नाही. १४ किंवा २८ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना तो कधीकधी रेडिओत घरघर घालतो. कंट्रोल टॉवरचा एखादा शब्द त्यात बुडाला तर? विमानासाठी तपासलेलं घड्याळ इथे निर्धास्त करतं.

बटणांचं काम दोन्हीकडे जवळपास सारखंच: यूटीसी (विमानवाहतुकीत वापरतात ती जागतिक वेळ), स्थानिक वेळ, स्टॉपवॉच.

पण पोर्टनी जागा खाल्ल्यामुळे आकडे बारीक होतात. होल्डिंगमध्ये, म्हणजे हवेत घिरट्या घालत थांबलेलं असताना, एक मिनिटाचा लेग (घिरटीची सरळ बाजू) मोजताना, विमान हलत असताना, साध्या घड्याळाचे ठसठशीत आकडे चटकन दिसतात. शिवाय पॅनेलमधून लोंबणारी केबल! योकच्या (विमान वळवायच्या हँडलच्या) दांड्याभोवती ती अडकू शकते. म्हणून आखूड, काटकोनी पिनची केबल घ्या आणि टेकऑफआधी ती जोडलेली असतानाच योक पूर्ण ओढून, पूर्ण वळवून बघा.

टॅबलेट रोजचा असेल तर मी यूएसबीवालंच घेईन. उपकरणांवर विसंबून ढगातून उडणाऱ्यांनी मात्र साधं घड्याळ ठेवावं आणि विमानासाठी प्रमाणित यूएसबी पोर्ट वेगळा बसवून घ्यावा.