स्मार्ट चष्मा की हातातील स्कॅनर?
गोदामात माल वेचणाऱ्या कामगारांना स्मार्ट चष्मे द्यावेत की हातातील स्कॅनरच ठेवावेत, असा प्रश्न एका व्यवस्थापकांना पडला आहे. चष्म्यात कप्प्याचा क्रमांक आणि नगसंख्या डोळ्यांसमोरच दिसत असल्यामुळे दोन्ही हातांनी खोके उचलता येते, जे स्कॅनर धरून जमत नाही. मात्र पाळीभर तो घातल्यास डोळ्यांवर व नाकावर ताण येतो आणि नंबरचा चष्मा वापरणाऱ्यांची अडचण वाढते. कामगारांची ही तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टिकाऊपणात, पडण्याचे धक्के सोसणारा स्कॅनर सरस आहे. शिवाय गूगलने आपल्या व्यावसायिक चष्म्याची विक्री २०२३ मध्ये थांबवली, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. अवजड मालासाठी चष्मा, तर लहान वस्तू व मर्यादित खर्चासाठी स्कॅनर योग्य ठरेल.