लॉरेन्सची दोन पानं: कॅन्सस विद्यापीठाचं डिब्रूस सेंटर

माझे बाबा नागपूरला शाळेत पीटीचे सर होते. सिमेंटच्या कोर्टावर त्यांनी तीस वर्षं बास्केटबॉल शिकवला, मलाही. यंदा ते आमच्याकडे कॅन्सस सिटीला आले, तेव्हा सगळ्यात आधी त्यांना लॉरेन्सला, कॅन्सस विद्यापीठाच्या डिब्रूस सेंटरला नेलं. गाडीनं पाऊण तास लागतो. प्रवेश मोफत आहे.

बास्केटबॉलचे मूळ तेरा नियम इथे काचेमागे ठेवलेत. डिसेंबर १८९१ मध्ये या खेळाचा जनक जेम्स नायस्मिथनं मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेसाठी तयार केलेली, टाइप केलेली दोन पानं. डेव्हिड बूथ या माजी विद्यार्थ्यानं २०१० च्या लिलावात ती सुमारे ४३ लाख डॉलरला घेतली, कारण नायस्मिथ १८९८ मध्ये याच विद्यापीठात आला होता. ३ फेब्रुवारी १८९९ ला इथल्या संघाचा पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वायएमसीएशी झाला आणि ते ५–१६ असे हरले. त्या पहिल्या हंगामात मात्र सात जिंकले, चार हरले. त्या वर्षांत विद्यापीठाच्या स्नो हॉल इमारतीच्या तळघरात, बुटक्या छताखालीही खेळ चाले. चेंडू उंच कमानीत फेकायची सवय असलेल्या खेळाडूचं तिथं काय होत असेल, यावर बाबा बराच वेळ बोलत होते.

नायस्मिथच्या नावावर इथे ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला कॅन्ससचा तो एकमेव प्रशिक्षक. हे ऐकून बाबांना तो माणूस जास्तच जवळचा वाटला. "अगं, तो पीटीचाच मास्तर. मुलं खेळली पाहिजेत, एवढंच त्याला हवं होतं."

मग त्यांनी पानांवर ड्रिबल, म्हणजे चेंडूला टप्पे देत पुढे जाणं, शोधला. नाहीच! तिसरा नियम सांगतो, चेंडू घेऊन पळायचं नाही, झेलला तिथूनच फेकायचा. पाचव्यात धक्का देणं, पाय घालणं फाउल. दुसऱ्या फाउलला पुढचा गोल होईपर्यंत बाहेर, बदली खेळाडूही नाही. बाबा म्हणाले, "हा नियम आमच्या वेळी असता, तर आंतरशालेय सामन्यात निम्मी पोरं बाहेर बसली असती."

शेजारीच ॲलन फील्डहाउस आहे. १९५५ चं बास्केटबॉलचं बंदिस्त मैदान आणि आत खेळांचं संग्रहालय, तेही मोफत. तिथंही जरूर जा, पण सामन्याच्या दिवशी नको. निवांतपणा मिळणार नाही. शाळेत खेळलेल्या कुणालाही मी हे ठिकाण डोळे मिटून सुचवीन. माझ्याकडून पाचपैकी पाच.

आम्ही तिथून लवकर निघालो नाही. बाबांनी खिशातली डायरी काढली आणि उभ्यानंच नियम मराठीत उतरवायला घेतले. तेराव्यापर्यंत पोचायला त्यांना चाळीस मिनिटं लागली.