पास गॅरंटीवाल्या बाईक क्लासने मला कसं फसवलं, पैसे भरायच्या आधी वाचा

तीन महिने झाले या गोष्टीला, पण आठवलं की अजून डोकं तापतं. ज्यांची गिअरच्या बाईकची टेस्ट जवळ आलीय आणि जे कुठल्यातरी "पास गॅरंटी" क्लासला पैसे भरायच्या विचारात आहेत त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा, थोडं लांब होईल. क्लासचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, आणि खरं सांगायचं तर नाव कळून फार उपयोगही नाही, असं करणारे ते एकटेच असतील असं मला वाटत नाही.

मी आठ वर्षं बिनगिअरची स्कूटर चालवलीय, पावसात, रात्री, मागे माणूस बसवून. बॅलन्सची भीती अजिबात नाही. नवीन नोकरीत फिरती आहे आणि तिथे गिअरची बाईक चालवायची म्हणून लायसन्स हवं होतं, म्हणजे शिकायचं होतं ते फक्त क्लच, गिअर आणि पायाचा ब्रेक. क्लासवाले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, स्कूटर येते ना, मग अर्धं काम झालंय. टेन्शन घेऊ नका, आपली गाडी स्वतःच आठ काढते." आठ म्हणजे टेस्टमध्ये पाय न टेकता, रेषेच्या आत 8 च्या आकड्यासारखी गाडी फिरवायची असते. मला वाटलं गाडी चांगली आहे असं म्हणतायत. दहा तासांचं ट्रेनिंग, टेस्टची तारीख घेऊन देणं, फॉर्म भरणं, आणि नापास झालात तर पैसे परत, हे सगळं पावतीवर मोठ्या अक्षरात होतं. पूर्ण पैसे आधी भरले. हप्त्यात देऊ का विचारलं तर म्हणाले गॅरंटी फक्त फुल पेमेंटला असते.

दहा तासांचं आधी सांगते. मैदानावर एक बाईक आणि आम्ही चार जण. एकाने दोन राऊंड मारायचे, उतरायचं, दुसऱ्याने बसायचं. चौथ्या दिवशी मी मोबाईलवर टायमर लावला तर एका "तासात" माझं सीटवर बसणं अकरा-बारा मिनिटं होत होतं. दहा तासांचे म्हणजे जेमतेम दोन तास, तेही नाहीत. पण तेव्हा राग आला नाही कारण मला आठ येत होता!! तिसऱ्याच दिवशी येत होता. पहिला गिअर टाकायचा, क्लच पूर्ण सोडून द्यायचा, रेस द्यायचीच नाही आणि फक्त हँडल वळवत राहायचं, गाडी आपोआप चालत्या माणसापेक्षा जरा जास्त स्पीडने फिरत राहायची. एकदाही बंद पडली नाही. सर म्हणायचे दोन्ही लिव्हरवरून बोटं काढूनच टाका, तिसऱ्या कोनला, म्हणजे मैदानात ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूला, आलात की समोरच्या खांबाकडे बघा आणि हँडल फुल मारा. आम्ही सगळे तेच करायचो आणि एकमेकांना शाबासकी द्यायचो.

दोन गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या. एक, आरपीएमच्या मीटरवर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे फिरतं ते दाखवणाऱ्या मीटरवर, काळी चिकटपट्टी लावलेली होती, विचारलं तर मीटर खराब आहे म्हणाले. दुसरी, पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला तर सरळ ग्रिपला जाऊन टेकायचा आणि गाडीला काहीच व्हायचं नाही. त्यावर सर म्हणाले, पुढचा ब्रेक नवीन माणसाने वापरायचाच नसतो, तोंडावर पडाल. मी ऐकलं, शिकवणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर आपण ऐकतोच.

टेस्टच्या आदल्या रात्री दहाला फोन आला की उद्या आमच्या गाडीवर टेस्ट द्यायची तर गाडीचं भाडं वेगळं. आधी कधी बोलले नव्हते. पण दुसरी गाडी नव्हती आणि तारीख सोडायची नव्हती म्हणून दिलं. सकाळी गेले तर ती नेहमीची गाडी दुसऱ्या कोणालातरी दिलेली, मला वेगळी बाईक हातात दिली, "सेमच आहे ताई, काही फरक नाही." माझा नंबर आला. गिअर टाकला, सवयीप्रमाणे क्लच सोडला, आणि गाडी एक झटका खाऊन बंद. परत चालू केली, घाबरून रेस जास्त दिली, क्लच सुटला आणि गाडी पुढे उडाली, पहिल्याच वळणावर रेषेबाहेर गेली आणि पाय टेकला. एक मिनिटही झालं नसेल. टेस्ट घेणारे साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हाला हाफ क्लच येत नाही, शिकून या." ते खरं बोलत होते. हाफ क्लच म्हणजे क्लच अर्धवट दाबून धरून गाडी हळू चालवणं, दहा दिवसात हा शब्द मला कोणी सांगितलाच नव्हता.

मी घरी येऊन रडले. नापास झाले म्हणून नाही, तर मला वाटलं आपल्यालाच जमत नाहीये, वय झालं, आता नाही होणार. हे मुद्दाम लिहितेय कारण अशा क्लासमधून नापास झालेला प्रत्येक माणूस स्वतःलाच दोष देतो आणि परत त्यांच्याकडेच पैसे घेऊन जातो. मीही गेले. नशिबाने त्या दिवशी माझा लहान भाऊ सोबत होता, तो कॉलेजपासून बाईकवर आहे. मी ऑफिसच्या टपरीत सरांशी बोलत होते तेवढ्यात तो सहज त्या शिकवायच्या बाईकवर बसला आणि चालू केली. आणि तिथूनच ओरडला, "ताई, इकडे ये."

त्याने ती चिकटपट्टी नखाने उचलली होती. खाली मीटर व्यवस्थित चालू होता. गाडी न्यूट्रलला, रेसला हात नाही, आणि काटा 2500 च्या आसपास. तो म्हणाला असल्या छोट्या बाईकचं आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन जितकं फिरतं ते, साधारण 1400 च्या जवळपास असतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, पण 2500 कुठल्याच गाडीचं नसतं. मग खाली वाकून कार्बोरेटरच्या बाजूचा एक स्क्रू त्याने बोटांनी फिरवला, पाना नाही काही नाही, नुसता अंगठा आणि बोट, आणि इंजिनचा आवाज हळूहळू खाली आला, घुर्रर्र होता तो डुगडुग झाला. काटा 1400 ला आणला आणि म्हणाला, आता काढ आठ. मी बसले, क्लच सोडला, बंद. परत, बंद. तिसऱ्यांदा बंद. ज्या गाडीवर मी दहा दिवस डोळे झाकून आठ काढत होते त्याच गाडीवर मला दोन फूट जाता येईना. तेव्हा मला सरांच्या पहिल्या दिवसाच्या वाक्याचा अर्थ कळला. आठ गाडीच काढत होती. मी फक्त वर बसलेली होते.

पुढचा ब्रेकही त्याने दाखवला, केबलचा नट मुद्दाम ढिला करून ठेवलेला. सरांना विचारलं तर म्हणाले शिकाऊ लोक पुढचा ब्रेक दाबून पडतात, गाडीचं नुकसान होतं, म्हणून सगळ्याच गाड्यांना असं ठेवतो. आयडलबद्दल म्हणाले, टेस्टमध्ये फक्त पाय टेकतो का ते बघतात, बाकीचं रस्त्यावर आपोआप येतं. आणि पैसे परत? पावती उलटी करायला सांगितली. मागे बारीक अक्षरात होतं की गॅरंटी फक्त ट्रेनिंगच्याच गाडीवर टेस्ट दिल्यास लागू. ती गाडी ऐनवेळी त्यांनीच बदलली होती!! म्हणजे गाडी कोणाला द्यायची ते हे ठरवणार आणि त्यावरून पैसे परत करायचे की नाही तेही हेच ठरवणार. आम्ही तासभर भांडलो, पावतीचे आणि मीटरचे फोटो काढले, व्हिडिओ केला आणि निघालो.

पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच पण मला जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. समजा त्या दिवशी नेहमीची गाडी मिळाली असती तर मी पास झाले असते. हातात लायसन्स, क्लच येत नाही, आणि पुढचा ब्रेक कधीच वापरायचा नाही हे डोक्यात पक्कं बसलेलं. भावाने मोकळ्या मैदानात त्याच्या बाईकवर मला 30 च्या स्पीडला अचानक थांबायला सांगितलं तर मी फक्त पायाचा ब्रेक जोरात दाबला आणि मागचं चाक लॉक होऊन असं घसरत गेलं की पोटात गोळा आला. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्यात दाबायचा नसतो, आधी हलका आणि मग वाढवत न्यायचा, हँडल सरळ ठेवून. वळलेल्या हँडलवर हळू स्पीडला तो नको हे बरोबर आहे, म्हणूनच आठ काढताना मागचाच वापरतात. सरांनी त्यातलं फक्त अर्धं वाक्य आम्हाला शिकवलं होतं. 50 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते, म्हणजे समोर कोणी आलंय हे कळून हात हलेपर्यंतच 14 मीटर संपलेले असतात, त्यानंतर अर्धाच ब्रेक वापरणारा माणूस कुठे जाऊन थांबेल याचा विचार करा.

नंतर मी याबद्दल बरंच वाचलं. 1981 साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या टीमने बाईक अपघातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता, लॉस एंजेलिस भागातले 900 अपघात त्यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले होते. त्यात अपघात झालेले 92 टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते, आणि पुढचा ब्रेक कमी, मागचा जास्त दाबून गाडी घसरवणं ही नेहमीची चूक सापडली होती. चाळीस वर्षांपूर्वी कागदावर आलेली चूक आम्हाला पैसे घेऊन शिकवत होते.

ज्यांना विचारायचं असेल की मग शिकले कशी, तर भावाने पहिले दोन दिवस मला रेसला हातच लावू दिला नाही. सपाट जागा, पहिला गिअर, क्लच अगदी मिलिमीटरने सोडायचा, गाडी सरकायला लागली की परत दाबायचा. बस एवढंच, शंभर वेळा केलं असेल, डावा हात भरून यायचा. पण त्यानंतर क्लच नेमका कुठे पकडतो ते बोटांना कळायला लागलं, डोक्याने विचार करावा लागत नाही. मग सरळ रेषेत जितकं हळू जाता येईल तितकं हळू, रेस थोडीशी आणि एकसारखी, स्पीड कमी जास्त करायचा तो हाफ क्लचने, आणि पायाने मागचा ब्रेक किंचित धरून. त्यानंतर आठ. आणि नजर, नजर सगळ्यात महत्त्वाची, पुढच्या चाकाकडे किंवा कोनकडे बघितलं की गाडी तिकडेच जाते, मान वळवून जिथे बाहेर पडायचंय तिथे बघायचं. माझा आठ पाचव्या दिवशी आला आणि तो कुठल्याही गाडीवर आला, भावाच्या, शेजारच्या काकांच्या जुन्या बाईकवर पण. दुसऱ्या वेळी पास झाले.

आता तुम्ही क्लासला पैसे देणारच असाल, आणि चांगले क्लास नक्की असतात, तर आधी एक दिवस नुसतं बघायला जा. गाडी न्यूट्रलला चालू करायला सांगा आणि कान देऊन ऐका, रेस न देता इंजिन ओरडत असेल तर तिथूनच परत फिरा. मीटर झाकलेला असेल तर का झाकलाय ते विचारा. गाडी बंद ठेवून हाताने ढकला आणि पुढचा ब्रेक दाबा, गाडी थांबली पाहिजे आणि पुढचं सस्पेन्शन खाली बसलं पाहिजे. एका गाडीवर किती जण आणि मला प्रत्यक्ष चालवायला किती मिनिटं हे स्पष्ट विचारा, तासांचा आकडा ऐकून खूश होऊ नका. टेस्टला कुठली गाडी, तिचा नंबर पावतीवर लिहून घ्या, भाडं धरलंय की नाही तेही. पावती उलटी करून वाचा, तिथेच उभं राहून. ओरिजिनल कागदपत्रं ठेवून घेऊ देऊ नका. आमच्यातल्या एका मुलाचे कागद त्यांनी अडकवून ठेवले होते म्हणून तो बिचारा भांडूही शकला नाही. आणि शक्य असेल तर ज्या गाडीवर टेस्ट देणार नाही अशा एखाद्या गाडीवर एकदा तरी आठ काढून बघा, जमला तरच तो तुम्हाला येतो.

माझी ग्राहक तक्रार गेली आहे, फोटो आणि व्हिडिओ जोडलेत, भाड्याचे पैसे त्यांनी गुपचूप परत पाठवले, फीचे अजून नाही. आमच्या बॅचमधल्या दोघांनीही माझ्यासोबत सही केलीय.

गेल्या आठवड्यात त्या मैदानावरून जात होते तर तीच बाईक, मीटरवर नवीन पट्टी, आणि एक कॉलेजचा मुलगा हात सोडल्यासारखा मस्त आठ काढत होता. सर लांब फोनवर होते. मी कुंपणापाशी थांबून त्याला बोलावलं आणि विचारलं टेस्ट कधी आहे, म्हणाला सोमवारी. मग मी जाळीतून त्याला तो स्क्रू दाखवला.