मोटरहोमनं स्पिती: घरातल्या वयस्कर माणसाला न्यायचं असेल तर नक्की वाचा

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या. गुडघे दुखतात आणि दर दीड तासानं बाथरूमला जावं लागतं. त्यामुळे सहा वर्षांत आई नागपूरबाहेर गेल्याच नव्हत्या. नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत त्यांनी इतिहास शिकवला, दरवर्षी मुलांना अजिंठ्याला न्यायच्या. 'हिमालयाचा अजिंठा' म्हणतात तो हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातला ताबोचा बौद्ध मठ एकदा बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. म्हणून चंदीगडहून नऊ दिवसांसाठी मोटरहोम, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी, भाड्यानं घेतलं. आम्ही चौघं आणि ड्रायव्हरभाऊ.

पैसे वसूल झाले ते गाडीतल्या संडासामुळे. रामपूरच्या पुढे तासन् तास एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला सतलज, आडोसा कुठेच नाही. आईंनी पहिल्या दिवशी भीतीनं पाणीच कमी प्यायलं. दुसऱ्या दिवसापासून बिनधास्त पिऊ लागल्या, आणि उंचीवर पाणी पोटात जाणं फार गरजेचं असतं बाप्पा.

आपलं नागपूर जेमतेम ३१० मीटरवर. म्हणून मनालीकडून न जाता किन्नौरकडून हळूहळू चढलो: नारकंडा, मग कल्पाला (सुमारे २,९६० मीटर) दोन रात्री, मग ताबो आणि शेवटी काझा, स्पितीतलं मुख्य गाव. कोणाचंही डोकं दुखलं नाही. काझाहून परत त्याच रस्त्यानं आलो. कुंझुम खिंडीतून ग्रामफूला, म्हणजे मनालीच्या बाजूला, उतरणारा रस्ता या गाडीला झेपणार नाही, हे कंपनीनं आधीच स्पष्ट सांगितलं होतं, ते बरं केलं. गाडी उंच आहे. तरांडा ढांकला, जिथे रस्ता कड्यात कोरलाय आणि खडक डोक्यावर येतो, तिथे भाऊ दरवेळी उतरून छत किती खाली आहे ते बघायचे, मगच गाडी पुढे.

आता कंपनीच्या चुका. संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, हे कोणीच सांगितलं नाही. ताबोत होमस्टेच्या ताईंना विचारलं, तर त्यांनी हात जोडून नाही म्हटलं. त्यांच्याकडचे संडास कोरडे, त्यातलं खत शेतात जातं आणि आमच्या टाकीत केमिकल. त्यांचं अगदी बरोबर होतं. शेवटी एका हॉटेलच्या सेप्टिक टँकमध्ये, विचारून आणि पैसे देऊन, रिकामी केली. तुम्ही ही सोय निघायच्या आधीच फोन करून पक्की करा.

आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. काझात रात्री नळाची लाइन गोठली. झोपण्याआधी पाइपमधलं पाणी सोडून द्यायचं असतं, हे आम्हाला सकाळी कळलं. त्या थंडीत सिलिंडरमधला ब्यूटेन नीट वायू होत नाही, त्यामुळे शेगडीची ज्योतही मरतुकडी. भांड्यांत कुकर नव्हता. साडेतीन हजार मीटरच्या वर पाणी ८८-८९ अंशालाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. माझा तीन लिटरचा कुकर सोबत होता म्हणून वरणभात झाला, आणि एका संध्याकाळी आईंच्या फर्माइशीवरून गोळाभातही.

ताबोचा मठ इ.स. ९९६ मधला, मातीच्या भिंतींचा. आत फोटो काढू देत नाहीत. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, मग भिंतीवरचे रंग हळूहळू वर येतात. आई जमिनीवर बसल्या त्या पाऊण तास उठल्याच नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अगं, मुलांना आणायला पायजे होतं इथे." रात्री गाडी मठापासून चार पावलांवर उभी होती, सकाळी आई पुन्हा एकट्या जाऊन आल्या.

पाचपैकी साडेतीन. पूर्ण मार्क ड्रायव्हरभाऊंना आणि संडासाच्या सोयीला. कंपनीनं पाइपांना थंडीपासून वेष्टण आणि भांड्यांत एक कुकर ठेवला, तर मी चार देईन. जूनमध्ये लाहौलला जायचं ठरतंय, आईंनी सिस्सूचा नकाशा आधीच उघडून ठेवलाय.