लिफ्टशेजारी लावलेल्या सर्टिफिकेटवर सही कुणाची आहे?

जुळे सोलापुरातल्या आमच्या पाच मजली सोसायटीला लिफ्टचा ठेकेदार दरवर्षी दोन बिलं द्यायचा. एक एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, दुसरं ‘सरकारी इन्स्पेक्शन फी’ म्हणून साडेसहा हजारांचं. दुसऱ्या बिलाबरोबर जाड कागदावरचं सर्टिफिकेट यायचं. त्यावर गोल शिक्का, सही आणि ‘लिफ्ट प्रवाशांसाठी सुरक्षित आहे’ असा मजकूर. ते फ्रेम करून तळमजल्यावर लागायचं. ठेकेदार बोलायला गोड. “मालक, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? इन्स्पेक्टरचं सगळं माझ्याकडं लागलं.” प्रत्यक्षात सरकारी तपासणी एकाही वर्षी झाली नव्हती. असाच कागद शहरात आणखी कुठंकुठं लटकत असेल, या काळजीनं हे सविस्तर लिहितोय.

हे उघडकीस आलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंमुळे. त्यांनी लिफ्टचं दार ओढलं, दार उघडलं, पण समोर लिफ्टच नव्हती. ती होती तळमजल्यावर. हातातली भाजीची पिशवी खाली गेली. मागं सून उभी होती, तिनं काकूंना दंडाला धरून ओढलं म्हणून त्या वाचल्या.

लिफ्ट समोर नसताना मजल्यावरचं दार उघडता कामा नये, आणि दार उघडं असताना लिफ्ट हलता कामा नये. ही दोन्ही कामं दाराचं इंटरलॉक करतं. आम्ही बाहेरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं लॉक खोलून दाखवलं, तर आतला आकडा झिजून गुळगुळीत झालेला. मग तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये घेऊन गेला. कंट्रोल पॅनलमध्ये दोन टर्मिनलांच्या मध्ये बोटभर लांबीचा लाल वायरचा तुकडा जोडलेला होता. लॉक नीट बसत नव्हतं, त्यामुळं लिफ्ट सारखी अडकायची आणि तक्रारी जायच्या. ठेकेदाराच्या माणसानं लॉक बदलायचं सोडून दाराचं सर्किटच बायपास केलं होतं. लिफ्ट चालू झाली, तक्रारी थांबल्या आणि ‘सुरक्षित’ असं सर्टिफिकेटही आलं! त्या वायरकडे बघून माझे हातपाय गार पडले. आमच्या इमारतीतली शाळकरी पोरं दिवसभर त्याच लिफ्टनं वर-खाली करतात.

मग सगळी जुनी सर्टिफिकेटं काढून बसलो. प्रत्येकावर लिहिलेलं, ‘क्षमता ६ व्यक्ती, ४०८ किलो’. आमच्या केबिनमधली पाटी सांगते ४ व्यक्ती, २७२ किलो. माणशी ६८ किलोचा हिशोब दोन्हीकडे बरोबर आहे, फक्त सर्टिफिकेटवरची लिफ्ट आमची नाही. दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीचा मजकूर उचलून दरवर्षी तारीख बदललेली. वर कायदा छापलाय १९३९ चा, मुंबई लिफ्ट कायदा. त्याची जागा महाराष्ट्राच्या लिफ्ट, एस्कलेटर आणि मूव्हिंग वॉकच्या २०१७ च्या कायद्यानं घेतली आहे. आणि सही? ठेकेदाराच्याच फर्मची.

लिफ्टची सरकारी तपासणी विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडून होते, तीही वर्षातून एकदा. तिची फी सरकारी चलनानं थेट तिजोरीत भरली जाते, कुणाच्या खासगी खात्यात नाही. लिफ्ट बसवायची परवानगी वेगळी आणि चालवायचं लायसन्स वेगळं. एएमसीवाला ग्रीस भरतो, दोर बघतो, त्याचा सर्व्हिस रिपोर्ट देतो. तो रिपोर्ट कामाचाच असतो, पण ती सरकारी तपासणी नव्हे. काही अपघात झाला तर कायदा आधी लिफ्टच्या मालकाला, म्हणजे सोसायटीला विचारतो. ‘ठेकेदारानं सांगितलं होतं’ हे उत्तर तिथं पुरत नाही. प्रवाशांसाठीचा विमाही कायद्यानं मालकानंच काढायचा असतो. आमच्या फायलीत त्याचा कागदच सापडला नाही. अपघात झाल्यास तो निरीक्षकांना कळवणंही मालकावरच येतं.

खरी तपासणी कशी असते, ते नंतर रीतसर अर्ज आणि चलन भरल्यावर बघायला मिळालं. आधी प्रत्येक मजल्याचं दार, मग खालचा खड्डा, त्यातले धक्का झेलणारे बफर आणि शेवटी मशीनरूम. गव्हर्नर बारकाईनं तपासला. लिफ्टचा वेग मर्यादेबाहेर गेला की हा गव्हर्नरच केबिनखालच्या सेफ्टी गिअरला, म्हणजे आणीबाणीच्या ब्रेकला, बाजूचे गाइड रेल पकडायला लावतो. दोर, अर्थिंग, अलार्म, वीज गेल्यावरची सोय, सगळं पाहिलं. आमच्या वॉचमनमामांना त्या दिवशी एक गोष्ट आठवली. मशीनरूमची किल्ली त्यांच्याच कमरेला असते, पण ‘इन्स्पेक्शन’च्या नावाखाली ती कधी कुणी मागितलीच नव्हती.

झिजलेली लॉकं बदलली, वायर काढली, विमा घेतला. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. पोलिसांत तक्रार दिली आहे, सोबत सर्टिफिकेटं आणि बिलं जोडली आहेत. तुमच्याकडे ‘इन्स्पेक्शन फी’ची पावती खासगी फर्मच्या नावानं असेल, तर सेक्रेटरींकडून सरकारी चलनाची प्रत मागा. चलन निघालं नाही, तर लायसन्सची झेरॉक्स घेऊन विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जा आणि आपल्या लिफ्टची शेवटची तपासणी कधी झाली, ते तिथंच विचारा. तोवर एकदा लिफ्ट आपला सोडून वेगळ्या मजल्यावर पाठवा आणि मागं सरकून उभं राहून आपल्या मजल्यावरचं दार हलक्या हातानं ओढून बघा. उघडलं, तर लिफ्ट त्याच क्षणी बंद करा.